प्रकल्प नोंदी : फेटलिंग शॉपमधली सिलिका धूळ आणि मर्यादाभंगाचे मॉडेल

५ फेब्रुवारी २०२४

कामाची हद्द ठरली. कोल्हापूर परिसरातली एक ग्रे आयर्न फाउंड्री, ग्रीन सँड मोल्डिंग (चिकणमाती मिसळलेल्या ओलसर वाळूचे साचे). पहिला गट फेटलिंगचा (कास्टिंग घासून-तासून साफ करणे) : ८ कामगार, हातातले ग्राइंडर आणि चिपिंग हॅमर. नॉक-आउट (साचा फोडून कास्टिंग काढणे) आणि सँड प्लांट नंतर घ्यायचे.

प्रश्न एकच ठेवला आहे. या आठांपैकी प्रत्येकाच्या श्वासात जाणारी क्वार्ट्झची (स्फटिकरूप सिलिकाची) धूळ किती दिवस मर्यादेवर जाते? 'शॉपची सरासरी मर्यादेत आहे का' हा प्रश्न मुद्दाम घेतलेला नाही. सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) बरा होत नाही, आणि तो होतो तो माणसाला, शॉपला नाही. आयार्कने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) १९९७ साली क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट (सिलिकाचे आणखी एक स्फटिकरूप) यांची श्वासातून जाणारी धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली. त्यामुळे धोका फक्त सिलिकोसिसपुरता राहत नाही.

नमुने हातात यायला वेळ आहे. तोवर मॉडेल कृत्रिम आकड्यांवर उभे करायचे. पुढे जिथे 'कृत्रिम' लिहिले आहे तिथले आकडे गृहीत धरलेल्या वितरणातून काढलेले गणित आहे, कुठल्याही शॉपचे मोजमाप नाही.

९ फेब्रुवारी

मर्यादा कोणती घ्यायची यावर दिवस गेला, पण तो कामी आला.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत रेस्पिरेबल (फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक) धुळीची मर्यादा सूत्राने दिली आहे : १० ÷ (क्वार्ट्झचे टक्के + २), मिलिग्रॅम प्रति घनमीटर. म्हणजे मर्यादा हा ठरीव आकडा नाही. नमुन्यानमुन्यागणिक क्वार्ट्झचे टक्के बदलतात, तशी मर्यादाही बदलते. धुळीत ५ टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा १.४३, १० टक्क्यांना ०.८३, २० टक्क्यांना ०.४५. मोजमाप हलते आणि मर्यादाही हलते, अशा स्थितीत लॉगनॉर्मल वितरण (ज्यात आकड्यांचे लॉग घंटेच्या आकारात पसरतात) बसवायचे तर कशाला बसवायचे?

उत्तर सूत्रातच आहे. धुळीला तिच्या मर्यादेने भागून निर्देशांक काढला आणि सूत्र उलगडले, तर तो असा येतो :

निर्देशांक = क्वार्ट्झ ÷ ०.१ + एकूण रेस्पिरेबल धूळ ÷ ५

(दोन्ही मिलिग्रॅम प्रति घनमीटर.) १ च्या वर गेला की मर्यादा मोडली. दोन घटकांच्या मिश्रणासाठी नेहमी वापरतात तीच ही बेरीज आहे. टक्के काढायची गरजच उरत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण क्वार्ट्झ शोधमर्यादेखाली (प्रयोगशाळेला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाखाली) असले की टक्केही कळत नाहीत आणि सूत्र अडून बसते. बेरजेत तसे अडत नाही (७ मार्चची नोंद पाहा).

एक चूक वारंवार दिसते : सूत्रात मोल्डिंगच्या वाळूतले सिलिकाचे टक्के घालणे. वाळू ९० टक्के सिलिकाची असेल, पण सूत्राला हवे असतात हवेतल्या रेस्पिरेबल धुळीतल्या क्वार्ट्झचे टक्के. ग्रीन सँडच्या बारीक धुळीत बेंटोनाइट (चिकणमाती) आणि कोल डस्टचा वाटा मोठा असतो, फेटलिंगमध्ये लोखंड आणि ग्राइंडिंग व्हीलची भुकटीही येते. ९० घातले तर मर्यादा ०.१०९ निघते, १० घातले तर ०.८३. साडेसात पटीहून जास्त फरक.

दुसरा मापदंडही सोबत ठेवला. अमेरिकेच्या ओशाने (कामगार सुरक्षा यंत्रणेने) २०१६ साली क्वार्ट्झची ८ तासांची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर केली, कृती-पातळी (जिथून उपाय सुरू करायचे) २५. आपल्या सूत्रात १० टक्के क्वार्ट्झ असताना निर्देशांक १ होतो तेव्हा हवेत ८३ मायक्रोग्रॅम क्वार्ट्झ असते. आणि क्वार्ट्झ नेमके ५० असते तेव्हा निर्देशांक ०.६. म्हणून अहवालात दोन्ही उत्तरे द्यायची : कायद्याचे आणि ५० मायक्रोग्रॅमचे. फुप्फुसाचा विचार करायचा तर दुसरे जास्त खरे.

ओव्हरटाइमचे दिवस वेगळे नोंदवायचे. पाळी १२ तासांची झाली तर ब्रीफ-स्काला पद्धतीने मर्यादेला ८/१२ × १२/१६ = ०.५ ने गुणायचे, म्हणजे ती निम्मी होते. तास जास्त होतात आणि धूळ बाहेर टाकायला शरीराला मिळणारा वेळ घटतो, दोन्ही त्यात धरले आहे.

१४ फेब्रुवारी

पायाचे वितरण लॉगनॉर्मल. कृत्रिम गट : निर्देशांकाचा भूमितीय मध्य (लॉग मापातली सरासरी) ०.३, भूमितीय प्रमाण विचलन (पसारा किती पटींचा ते) २.५. यावरून :

अंकगणिती सरासरी ०.४६
९५वे शतमक (ज्याखाली ९५ टक्के दिवस येतात) १.३५
मर्यादाभंगाचे प्रमाण ९.४ टक्के

सरासरी मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी, तरी साधारण दर अकरा दिवसांत एक दिवस मर्यादा मोडते. आता या गटातून तीन नमुने घेतले आणि 'तिन्ही मर्यादेत, सबब ठीक' असे म्हटले, तर तसे म्हणायची शक्यता ०.९०६ चा घन, म्हणजे ७४ टक्के. सहा नमुने घेतले तरी ५५ टक्के. नमुने मर्यादेखाली आले म्हणजे गट मर्यादेत आहे, हे गृहीतकच चुकीचे आहे. प्रत्यक्षात मात्र कितीतरी शॉपना याच आधारावर हिरवा शेरा मिळतो, हे मन अस्वस्थ करणारे आहे.

युरोपीय मानक एन ६८९ (२०१८) याच कारणाने कडक आहे. तिथे तीन नमुन्यांवर निर्णय घ्यायचा तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागाखाली हवेत, चार असतील तर ०.१५ खाली, पाच असतील तर ०.२ खाली. आपल्या कृत्रिम गटाचा एक नमुना ०.१ खाली येण्याची शक्यता ११.५ टक्के, तिन्ही येण्याची ०.१५ टक्के. ७४ कुठे आणि ०.१५ कुठे. त्यातून सुटका झाली नाही तर किमान सहा नमुने, आणि ९५वे शतमक मर्यादेखाली असल्याची ७० टक्के खात्री. सहा नमुन्यांसाठी (मर्यादेचा लॉग − भूमितीय मध्याचा लॉग) ÷ प्रमाण विचलनाचा लॉग हा आकडा २.१८७ च्या वर हवा, दहासाठी २.००५. आपल्या गटाचा खरा आकडा १.३१.

२२ फेब्रुवारी

नमुना घेण्याची साखळी. मॉडेल कितीही चांगले असले तरी इथली चूक ते पकडू शकत नाही.

३७ मिमी पीव्हीसी फिल्टर, छिद्र ५ मायक्रॉन. सायक्लोन (जाडे कण वेगळे काढणारे छोटे उपकरण) हिगिन्स-ड्यूवेल जातीचा, २.२ लिटर प्रति मिनिट. १० मिमी नायलॉनचा सायक्लोन मिळाला तर त्याचा प्रवाह १.७. या दोन्हींची अदलाबदल झाली की डेटा वाया जातो. सायक्लोनचा ४ मायक्रॉनचा छेद (ज्या आकाराचे निम्मे कण फिल्टरपर्यंत जातात तो) त्याच्या नेमून दिलेल्या प्रवाहालाच मिळतो. प्रवाह घसरला की मोठे कण निसटून फिल्टरवर येतात : कमी झालेली हवा हिशेबात दुरुस्त करता येते, पण बदललेला छेद नाही. म्हणून 'शेवटी सरासरी प्रवाहाने गुणून घेऊ' हे इथे चालत नाही. आधी आणि नंतर कॅलिब्रेशन, सायक्लोन जोडलेला असतानाच. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर नमुना बाद.

सायक्लोन कधीही उलटा करायचा नाही. तळाच्या कपात साठलेले जाडे कण फिल्टरवर सांडतात आणि त्या नमुन्याचे वजन एकदम वाढते. फेटलिंगवाला कास्टिंगवर ओणवा होतो तेव्हा हे होऊ शकते. म्हणून क्लिप कॉलरवर घट्ट, नळी पाठीमागून, पट्ट्याला टेप.

हवेचे प्रमाण : अमेरिकेच्या नियॉश संस्थेच्या ७५०० पद्धतीत (एक्स-रेने क्वार्ट्झ मोजणे) ४०० ते १००० लिटर. २.२ ने पूर्ण ४८० मिनिटे घेतली तर १०५६ होते, म्हणून ४५० मिनिटांवर (९९० लिटर) थांबायचे. फिल्टरवर एकूण धूळ २ मिलिग्रॅमच्या वर नको. धूळ जास्त असेल तर पाळीचे दोन भाग करून दोन फिल्टर.

मास्क घातला असला तरी नमुना मास्कच्या बाहेरचा. मास्कच्या संरक्षण गुणकाने भागून निर्देशांक 'सुधारायचा' नाही. तो मास्कचा हिशेब आहे, हवेचा नव्हे.

१ मार्च

शोधमर्यादा. नियॉश ७५०० ची अंदाजे शोधमर्यादा नमुन्याला ५ मायक्रोग्रॅम. हवेत ती किती येते हे पूर्णपणे घेतलेल्या हवेवर ठरते :

२.२ लिटर, ४५० मिनिटे : ५.१ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर
१.७ लिटर, २४० मिनिटे : १२.३
२.२ लिटर, १२० मिनिटे : १८.९

दोन तासांचा नमुना घेऊन 'आढळले नाही' असा शेरा आला, तर त्याचा अर्थ फक्त '१८.९ खाली' एवढाच. शून्य नव्हे. प्रयोगशाळेला विनंती : 'आढळले नाही' असे न लिहिता नमुन्यातली शोधमर्यादा मायक्रोग्रॅममध्ये लिहून द्यावी.

शोधमर्यादेखालच्या जागी तिचा निम्मा आकडा घालायची सवय किती महाग पडते ते तपासले. कृत्रिम गट : क्वार्ट्झचा भूमितीय मध्य १० मायक्रोग्रॅम, प्रमाण विचलन २.५, शोधमर्यादा १२.३. यात ५९ टक्के नमुने शोधमर्यादेखाली जातात. खरे ९५वे शतमक ४५.१. निम्मा आकडा घातला की प्रमाण विचलन २.५ चे २.१ होते आणि शतमक ३६ वर येते. वर्गमूळ दोनने भागून घातले तर प्रमाण विचलन १.८, शतमक ३५. मध्य थोडा वर सरकतो म्हणून 'आपण सावध बाजूला आहोत' असे वाटते, पण पसारा आवळला जातो आणि वरचे टोक खाली येते. ५० मायक्रोग्रॅम ओलांडण्याचे खरे प्रमाण ४ टक्के, निम्मा आकडा घातल्यावर १.९. निम्मे धोक्याचे दिवस कागदावरून नाहीसे.

निर्णय : कुठलाही आकडा भरायचा नाही. 'इतक्याच्या खाली' एवढी माहिती जशीच्या तशी संभाव्यता-फलात (आकडे मॉडेलशी किती जुळतात ते मोजणाऱ्या गणितात) जाईल.

७ मार्च

निर्देशांकाला हे लावताना गंमतशीर पण सोयीची गोष्ट निघाली. क्वार्ट्झ शोधमर्यादेखाली असले तरी धूळ वजनाने मोजलेली असते. ९ फेब्रुवारीची बेरीज घेतली की निर्देशांकाला खालची हद्दही मिळते. उदाहरण : धूळ ०.९ मिलिग्रॅम, क्वार्ट्झ ०.०१२३ च्या खाली. निर्देशांक किमान ०.१८, कमाल ०.३०३. म्हणजे नमुना 'खाली कुठेतरी' नाही, दोन आकड्यांच्या मध्ये बंदिस्त आहे. या जातीच्या नमुन्यांतली माहिती एरवी फुकट जाते.

कोडमध्ये तीन फांद्या : मोजलेला, दोन हद्दींच्या मध्ये, धूळही शोधमर्यादेखाली असेल तर फक्त वरची हद्द, पंप मध्येच बंद पडलेला नमुना मात्र कुठल्याच फांदीत नाही, तो बाद.

मधल्या फांदीत एक अडचण. दोन संचयी संभाव्यतांची वजाबाकी लॉगमध्ये करावी लागते. दोन्ही हद्दी सरासरीच्या बऱ्याच वर असतील तर दोन्ही लॉग शून्याला चिकटतात, अचूकता संपते आणि उणे अनंत येते. अशा वेळी वरच्या शेपटीचा लॉग घेऊन वजाबाकी करायची. हद्दी कुठल्या बाजूला आहेत ते पाहून फलन निवडणारी ओळ घातली. एककांची तपासणीही घातली : क्वार्ट्झ चुकून मायक्रोग्रॅममध्ये आले तर निर्देशांकातला क्वार्ट्झचा भाग हजारपट होतो, पण धुळीपेक्षा क्वार्ट्झ जास्त असूच शकत नाही, एवढ्या साध्या अटीने ते पकडता येते.

१५ मार्च

आजची नोंद या कामाचा गाभा.

आतापर्यंत आठही कामगार एकसारखे धरले होते. तसे नसतात. कोणी ग्राइंडर जवळ धरतो, कोणी वाऱ्याकडे पाठ करतो, कोणाच्या वाट्याला कोअरची (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याची) वाळू अडकलेली कास्टिंग येतात. १९९३ साली क्रॉमहाउट, सिमान्स्की आणि रॅपापोर्ट यांनी सुमारे २०,००० मोजमापे तपासली. १६५ गटांपैकी फक्त चौथ्या हिश्शात कामगारांच्या सरासऱ्या एकमेकींच्या दुपटीच्या आत होत्या, आणि सुमारे ३० टक्के गटांत फरक दहा पटींहून जास्त. 'एकच काम, म्हणून एकच धूळ' हे बहुतेक ठिकाणी खरे नाही.

मॉडेल : लॉग निर्देशांक = गटाचा मध्य + कामगाराचे विचलन + दिवसाचे विचलन. १४ फेब्रुवारीचाच कृत्रिम गट घेतला, एकूण प्रमाण विचलन तेच २.५, फक्त त्याची फोड केली : कामगारांमधले ०.५, दिवसांमधले ०.७७ (लॉग मापात). गटाचे मर्यादाभंगाचे प्रमाण तेच ९.४ टक्के. पण सरासरीच्या एक विचलन वर असलेल्या कामगाराचे १८ टक्के. दोन विचलन वर असलेल्याचे ४० टक्के. दर पाच दिवसांत दोन दिवस तो मर्यादेबाहेर श्वास घेतो, आणि गटाचा एकच आकडा त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

ब्रिटिश आणि डच व्यावसायिक स्वच्छता संस्थांच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत यासाठीच दुसरी कसोटी आहे : ५ टक्क्यांहून जास्त दिवस मर्यादा ओलांडणारा कामगार असण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आत हवी. कृत्रिम गटात अशा कामगारांचे प्रमाण ५५ टक्के.

नमुन्यांची संख्या इथून ठरली. एका कामगाराचे ३ दिवस असतील तर त्याच्या स्वतःच्या मोजमापाला अंदाजात ५६ टक्के वजन मिळते, उरलेले गटाकडून येते. २ दिवसांना ४६, ६ दिवसांना ७२. बजेट ३ चे आहे. ८ × ३ = २४ नमुने. २४ कामगारांचा एकेक नमुना घेतला असता तर कामगार आणि दिवस वेगळे काढताच आले नसते. एका माणसाकडे परत जाणे, हेच यातले कळीचे.

२२ मार्च

स्टॅनमध्ये (बायेसियन मॉडेल चालवणारे सॉफ्टवेअर) चालवले. पहिल्याच फेरीत डायव्हर्जन्सच्या (सॅम्पलर, म्हणजे शक्य उत्तरे चाचपणारा भाग, वाट चुकल्याच्या) सूचना. कारण ओळखीचे : कामगारामागे तीनच नमुने, त्यामुळे कामगारांमधले विचलन शून्याजवळ गेले की पृष्ठभाग नरसाळ्यासारखा अरुंद होतो आणि सॅम्पलर त्यात शिरत नाही. कामगाराचे विचलन थेट न लिहिता 'प्रमाणित आकडा × विचलन' असे लिहिले, अ‍ॅडाप्ट डेल्टा (सॅम्पलरची पावले लहान करणारे सेटिंग) ०.९९ केला. आर-हॅट (वेगवेगळ्या साखळ्या एकाच उत्तरावर आल्या का ते सांगणारा आकडा) १.०१ च्या आत नसेल तर निकाल वापरायचा नाही.

एकूण विचलनाला प्रायर (मोजमापाआधी धरलेला अंदाज) लॉगनॉर्मल, मध्य ०.८४, म्हणजे प्रमाण विचलन २.३ च्या आसपास. सपाट प्रायर टाळला. थोड्या नमुन्यांवर सपाट प्रायर प्रमाण विचलन १० किंवा २० सुद्धा शक्य मानतो आणि शतमकाची वरची हद्द निरर्थक मोठी येते.

तपासणीचा नियम : २०० कृत्रिम संच तयार करायचे, प्रत्येकावर मॉडेल चालवायचे, ९० टक्क्यांच्या पट्ट्यात खरा आकडा किती वेळा सापडतो ते मोजायचे. अपेक्षा १८०. १७२ ते १८८ च्या बाहेर गेले तर कोडमध्ये चूक आहे असे धरून पुन्हा पहिल्यापासून.

३ एप्रिल

प्रयोगशाळेची चूक किती महत्त्वाची? १० टक्के फरक धरला तर एकूण प्रमाण विचलन २.५० चे २.५१ होते. बस. दुहेरी विश्लेषणावर पैसे घालण्याऐवजी एक दिवस जास्त मोजावा. अपवाद शोधमर्यादेजवळचे नमुने आणि एक्स-रेतला लोखंडाचा गोंधळ : एक्स-रे यंत्राच्या तांब्याच्या नळीवर लोखंड चमकते आणि पार्श्वभूमी वाढते. प्रयोगशाळेकडे मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण निवडणारा भाग) आहे का, एवढे विचारून ठेवायचे. क्रिस्टोबलाइटही वेगळा मागायचा. वितळलेल्या लोखंडाला टेकलेल्या वाळूत तो तयार होऊ शकतो.

१० एप्रिल

एक्झॉस्टचा परिणाम मॉडेलमध्ये घातला : एक्झॉस्टच्या टेबलावर काम केले की नाही. लॉग मापात गुणांक −०.६९ आला तर धूळ निम्मी झाली असे वाचायचे.

धोका असा की एकच कामगार नेहमी एक्झॉस्टच्या टेबलावर असेल तर धूळ कमी का आहे हे मॉडेल सांगूच शकत नाही : टेबलामुळे की माणसामुळे? दोन्ही आकडे एकमेकांना ढकलत राहतात आणि दोन्हींचे पट्टे फुगतात. यावर उपाय म्हणून कोणालाही मुद्दाम धुळीच्या टेबलावर हलवायचे नाही, ही अट सुरुवातीलाच लिहून ठेवली आहे. शॉपमध्ये नेहमीचे टेबल-बदल होतात तेच नोंदवायचे. बदल होत नसतील तर एक्झॉस्टचा गुणांक छापायचा नाही.

नोंदपत्रावर दर नमुन्याला एवढेच : ग्राइंडिंगचे तास, टेबल, एक्झॉस्ट चालू की बंद, कोअर असलेली कास्टिंग की नसलेली, शॉपमध्ये कॉम्प्रेस्ड एअरने झाडझूड झाली का. शेवटचे विसरू नये. एका पाळीचा निर्देशांक दहा मिनिटांच्या हवेच्या फवाऱ्याने दुप्पट झाला तर ते मॉडेलच्या दृष्टीने निव्वळ 'दिवसाचे विचलन', पण शॉपच्या दृष्टीने उद्या बंद करता येण्याजोगी गोष्ट.

१८ एप्रिल

अहवालाचा नमुना. दर कामगाराला एक ओळ, नावाऐवजी खूण : मर्यादाभंगाचे अंदाजे प्रमाण, ते ५ टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता, आणि हेच दोन आकडे ५० मायक्रोग्रॅमसाठी. गटाची सरासरी शेवटच्या पानावर.

प्रत्येक कामगाराला त्याचा आकडा मराठीत, तोंडी सांगायचा. 'तुमची हवा दर दहा दिवसांत साधारण इतके दिवस मर्यादेबाहेर जाते' अशा शब्दांत. शतमक हा शब्द तिथे काढायचा नाही. सांगताना व्यवस्थापन खोलीत नसावे.

२६ एप्रिल

वेळापत्रक. पंप ४ आणि १ राखीव. दिवसाला ४ कामगार, एकूण ६ दिवस. दिवस १० आठवड्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडले, सलग आठवडा घेतलेला नाही. लागोपाठचे दिवस एकमेकांसारखे असतात, त्यामुळे दिवसांमधले विचलन खरे आहे त्याहून लहान दिसते. निवडीत एप्रिलअखेरचे उकाड्याचे दिवस आणि पाऊस सुरू झाल्यानंतरचे दिवस, दोन्ही येतात. पावसात शेडची बाजू ताडपत्रीने झाकली तर वारा बंद होतो. ते नोंदपत्रावर वेगळ्या रकान्यात.

दर पाठवणीत किमान २ कोरे फिल्टर : शॉपपर्यंत नेलेले, उघडून लगेच बंद केलेले, हवा न ओढलेले. तराजू ०.००१ मिलिग्रॅमचा, फिल्टर वजनाआधी आणि नंतर एकाच खोलीत रात्रभर ठेवलेले. दमट हवेत हे सोडले तर वजनाचा फरक धुळीचा की ओलाव्याचा ते कळत नाही.

पहिला दिवस मंगळवार, ३० एप्रिल. पंप आदल्या रात्री चार्जिंगला.